पालथा चमचा

"तब्येत सुधारली की गं तुझी!"

एवढंच म्हणालो मी. दीड वर्षानं भेटत होतो आम्ही. ती माझी धाकटी मावसबहीण, आणि ती समोर बसून जेवत होती. ती जेवतेय हेच मला इतकं अपूर्वाईचं वाटत होतं, की मी माझं ताट विसरून तिच्या हाताकडे बघत बसलो होतो. गळ्याखालची ती दोन टोकदार हाडं आता कातडीत मुरली होती. मागच्या वेळी भर उकाड्यात अंगात स्वेटर होता, या वेळी बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. हे सगळं पाहिलं आणि तोंडात आलं ते बोललो. ती हसली. "हो ना दादा," म्हणाली. मग हातातला चमचा तिनं ताटाच्या कडेला ठेवला, पालथा. पुढचा अर्धा तास ती अगदी छान बोलली. माझ्या कामाची चौकशी केली, मावशीच्या गुडघ्याचं सांगितलं, एका विनोदावर मनापासून खळाळून हसलीसुद्धा. चमचा मात्र तिनं पुन्हा उचलला नाही. मी निघालो तेव्हा वरचा दिवा त्या चमच्याच्या पाठीवर इवलासा होऊन पडला होता. नंतर कितीतरी दिवस, दात घासताना वगैरे, तो मला दिसत राहिला.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तिचा रागच आला होता. एका साध्या वाक्याचा एवढा बाऊ? चांगलंच तर म्हणालो. माणसानं बोलायचं तरी कसं आता? तिसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. "दादा, मला राग नाही आलेला," ती म्हणाली. "फक्त तू बोललास ते आणि मला ऐकू आलं ते एक नव्हतं." मी विचारलं, काय ऐकू आलं? थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तुला माहितीय."

माहीत होतंच. मराठीत 'तब्येत' हा शब्द मोठा लबाड आहे. तब्येत बिघडते, तब्येत दाखवायला आपण डॉक्टरकडे जातो, तब्येतीत गाणं ऐकतो, आणि आवाज थोडा उतरवून "हल्ली तब्येत झालीय हं त्यांची" म्हणतो तेव्हा कमरेच्या घेराबद्दल बोलत असतो. आरोग्य आणि आकारमान या दोन्हींना एकच शब्द पुरवणाऱ्या भाषेत मी तिचं कौतुक करायला गेलो होतो. बरं, बाकीचे शब्द तरी कुठे बरे आहेत? वाळलीस, हडकलीस, खंगलीस, भरलीस, सुटलीस, बाळसं धरलंस. माणूस भेटला की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत ही तपासणी उरकलेली असते. त्यात माया असते हे कबूल. पण माया असली म्हणजे काटा बोचत नाही असं थोडंच आहे?

आणि आणखी एक गोष्ट आहे, जी आठवली की मला अजून ओशाळायला होतं. तिचा आजार, अॅनोरेक्सिया, म्हणजे माणूस खाणंच तोडत जातो तो, सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. मीही. काय कंट्रोल आहे पोरीचा, असं मी चारचौघांत म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. शिस्त, निग्रह, मनाचा पक्का निर्धार, जे जे आपण मुलांच्या अंगी यावं म्हणून धडपडतो ते सगळं तिच्यात एकाएकी उगवलेलं दिसत होतं. ती पहाटे पळायला जायची. स्वतः काही खायची नाही, पण घरात सगळ्यांसाठी रांधायची, एकेका पदार्थाच्या कृती वहीत उतरवायची, रात्री झोपण्याआधी अंथरुणात पडून स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची. मावशी कौतुकानं सांगायची, बाईसाहेबांना स्वयंपाकाची गोडी लागलीय. आम्हाला कुणालाच त्यातली मेख कळली नाही.

ती कळली ती फार उशिरा, आणि तीही १९४४ सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचताना. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांमध्ये ३६ तरुण राहायला आले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली, सदसद्विवेकाला जागणारी मंडळी होती ही. युरोपात उपासमारीनं खंगलेल्या लोकांना युद्धानंतर पुन्हा माणसांत कसं आणायचं हे शोधायचं होतं, आणि त्यासाठी आधी कुणीतरी आपणहून उपाशी राहायला हवं होतं. अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं त्यांना सुरुवातीचे १२ आठवडे नीट जेवू घातलं, मग पुढचे २४ आठवडे जेवण जवळपास निम्म्यावर आणलं. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायचं. त्यांचं वजन साधारण एक चतुर्थांशानं घटलं. पण मला त्यात थांबवून ठेवलं ते वजनानं नव्हे. ही धडधाकट, समजूतदार, मनानं खंबीर म्हणून निवडलेली माणसं हळूहळू पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. एकेक घास घोळवत तासन्‌तास जेवायला लागली, पाणी घालून अन्न वाढवायला लागली, ताटं चाटायला लागली. च्युइंगम इतकं चघळायची की त्यावर मर्यादा घालावी लागली. थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, बोलण्यात, स्वप्नात सगळीकडे अन्न. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे त्यांतल्या अनेकांना आपण फार बारीक झालोय असं वाटेना. उलट बाकीचे लोकच त्यांना जाडजूड दिसायला लागले.

मी ते पान तसंच उघडं ठेवून मावशीला फोन लावला. ती वही अजून आहे का, विचारलं.

म्हणजे स्वयंपाकाची गोडी वगैरे काही नव्हती. ती भूक होती, अंथरुणात पडून व्हिडिओ बघणारी. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं, आणि त्यातल्या अॅनोरेक्सियाचा शब्दशः अर्थ भूक नसणं असा होतो. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही तो स्वतंत्रपणे वर्णन केला होता. नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. पण भूक नसते कुठे? ती चोवीस तास असते, फक्त तिचं तोंड दाबून धरलेलं असतं. अर्थात नुसती उपासमार म्हणजे हा आजार नव्हे, हेही मला वाचता वाचता समजत गेलं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत अनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा दिसतो. एकाच घरात, एकाच ताटातली दोन भावंडं अन्न कमी करतात. एक चार दिवसांत कंटाळून सोडून देतं, दुसऱ्याला त्यातून सुटताच येत नाही. तरी त्या ३६ जणांनी माझ्या मनातला एक हट्टी गैरसमज काढून टाकला. तिच्या ज्या वागण्याला आम्ही स्वभाव समजत होतो, हट्ट, लहर, नाटकं म्हणत होतो, त्यातलं कितीतरी उपाशी मेंदूचं काम होतं. पोट भरल्याशिवाय त्या मेंदूशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि आम्ही तर सतत वादच घालत होतो. बरं, भरवायचं तरी घाईनं नाही. फार खंगलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं आणि हृदयावर बेततं, म्हणून डॉक्टर बेतानं, रक्ततपासण्या करत वाढवत नेतात. कीजच्या माणसांचंही जेवण परत सुरू झालं म्हणून प्रश्न मिटला नव्हता. बंधनं उठल्यावर त्यांतले काही जण पोटाला तडस लागेपर्यंत खायचे आणि तरी भूक भागली नाही म्हणायचे. पूर्वीसारखं खाता यायला कित्येकांना महिने गेले.

तिचं वजन किती होतं आणि आता किती आहे ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. अशा आकड्यांशी स्पर्धा करणारं कुणीतरी वाचत असतं.

आता माझं. मी सतरा वर्षं सिगारेट ओढली. एक्केचाळिसाव्या वर्षी सोडली, आणि का सोडली याचं खरं उत्तर थोडं हास्यास्पद आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ साली सुरू झालेला एक अभ्यास आहे, रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा. त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली आले. साठाव्या वर्षी सिगारेट सोडली तर आयुष्याची सुमारे ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तिशीत १०. मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. नऊ वर्षं! दुकान बंद व्हायच्या आत पोचल्यासारखं वाटलं मला. स्वतः डॉल यांनीही धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर काम करता करता सिगारेट सोडली होती हे वाचून तर फारच बरं वाटलं. आपल्याला आपल्यासारखाच सापडला की बरं वाटतंच.

सोडल्यावर लोकांनी माझंही कौतुक केलं, आणि शब्द बघा: काय कंट्रोल आहे, मानलं बुवा. तेच शब्द. माझ्या बाबतीत ते औषधाला लागू होते, तिच्या बाबतीत आजाराला. आमच्या दोघांत तेव्हा काहीतरी साम्य आहे असं मला वाटायचं आणि मी तिला मोठ्या तोंडानं सांगायचोही: मी सोडली ना, मग तुलाही जमेल. किती मूर्खपणाचं वाक्य होतं ते. मला फक्त एक रेघ मारायची होती. रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे सिगारेट. घरातले लायटर फेकले, जिन्याखाली जमणाऱ्या मित्रांना टाळलं, संपलं. तिला कुठे रेघ मारायची? ज्याची भीती वाटते ते रोज तीनदा ताटात येऊन बसणार. दारू सुटलेल्या माणसाला कुणी म्हणत नाही की सकाळी एक पेला घे, दुपारी एक, रात्री एक, मोजून, नेमून, आणि घाबरू नकोस. तिला नेमकं हेच सांगितलं गेलं होतं. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीत पहिला पाया हाच असतो, घड्याळाच्या काट्यानं खाणं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, दोन खाण्यांमध्ये चारेक तासांपेक्षा जास्त खंड नाही. भूक लागो न लागो. ती म्हणायची, "दादा, मी भूक लागली म्हणून नाही जेवत, वाजले म्हणून जेवते."

'लागणं' या क्रियापदाकडे मी तेव्हापासून जरा बिचकून बघतो. भूक लागते, तहान लागते, झोप लागते. चटक लागते, सवय लागते, व्यसन लागतं. वेडही लागतंच. शरीराची हाक आणि शरीराची पकड यांना आपण एकाच दारातून आत घेतो. आणि बाहेर पडायला दोन दारं ठेवतो: 'सोडली' आणि 'सुटली'. मी कुणी विचारलं की ऐटीत 'सोडली' म्हणतो. पण रात्री जेवणानंतर खिडकीपाशी उभं राहिलं की उजव्या हाताची दोन बोटं आपोआप थोडी फाकतात, तेव्हा मला कळतं, सोडली आहे, सुटलेली नाही.

जागेचाही यात मोठा हात असतो. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन बोकाळलंय म्हणून १९७१ साली अमेरिकेत हाहाकार उडाला होता. हे हजारो व्यसनी घरी परतले की काय होणार? ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांना शोधून शोधून मुलाखती घेतल्या, लघवीच्या तपासण्या केल्या. तिकडे असताना जवळपास २० टक्के व्यसनाच्या विळख्यात होते. त्यांतले परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते ५ टक्क्यांच्या आसपास, तीन वर्षांत सुमारे १२. रॉबिन्सबाईंवर तेव्हा बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला नाही, कारण हेरॉइन एकदा लागलं की लागलं असाच सगळ्यांचा पक्का समज होता. या निष्कर्षाचा लोक नंतर वाटेल तसा अर्थ काढत आले आहेत. वातावरण बदला, सगळं बरं होईल, इतकं ते सोपं नाही. घरी परतल्यावर हेरॉइन तितकं सहज मिळत नव्हतं, तितकं स्वस्त नव्हतं, आजूबाजूला बाकी आयुष्यही होतं. पण मी जिन्याखालची जागा टाळली तेव्हा माझ्या परीनं मीही एक छोटंसं व्हिएतनाम मागे टाकत होतो. तिला जेवणाचं टेबल कुठे मागे टाकता येणार होतं?

आता जे सांगायचं होतं आणि मी लांबवत होतो ते.

फोनवर तिनं त्या दिवशी सहज विचारलं होतं, "तुझे किती दिवस झाले दादा?" माझ्या फोनमध्ये एक अॅप आहे, ते दिवस मोजतं. मी बघून म्हणालो, "चारशे बारा." "भारी," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरंच आनंद होता. आणि ते खोटं होतं. दोनशे अकराव्या दिवशी मी एक ओढली होती. कारण सांगण्यासारखं काहीही नव्हतं. ना दुःख, ना ताण. पाऊस थांबला होता, हवा ओली होती, शेजारी उभ्या माणसानं पाकीट पुढे केलं आणि माझ्या हातानं त्यातली एक घेतली. पहिल्या झुरक्याला चक्कर आली, चव तर घाणेरडीच लागली. मी ती शेवटपर्यंत ओढली. घरी येऊन दोनदा दात घासले, आणि अॅपवरचा आकडा शून्यावर नेण्यासाठी जे बटण दाबायचं असतं त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. दाबलं नाही. कारण मला माझं गणित माहीत होतं: आकडा शून्य झाला असता तर अख्खं पाकीट आणायला मी त्याच रात्री खाली उतरलो असतो. गेलंच ना सगळं, मग आता काय.

बुडत्याचा पाय खोलात, ही म्हण नशिबाबद्दल आहे असं मी समजत होतो. ती माणसाच्या डोक्याबद्दलही असू शकते. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना बोलावून त्यांतल्या काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, मग चव सांगा म्हणून सगळ्यांपुढे हवं तेवढं आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर फारशी बंधनं घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक झाल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्लं, ते साहजिकच. ज्या सतत स्वतःला आवरत होत्या त्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. मिल्कशेकनं दिवसाचा नेम मोडला होता. मग आता आवरायचं कशासाठी? व्यसनांवर काम करणारे अॅलन मार्लॅट यांनाही पुन्हा घसरणाऱ्या माणसांत हेच दिसलं. एक पेला किंवा एक सिगारेट माणसाला जेवढी खाली ओढत नाही, तेवढी त्यानंतरची शरम ओढते. नेम जितका कडक तितकी ती शरम मोठी. एकदा पाय निसटणं आणि दरीत जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मधलं अंतर बऱ्याचदा माणूस स्वतःच, रागारागानं, उतरून जातो.

सवयीवरचा एक अभ्यास मला यातच सापडला. २१ दिवसांत सवय लागते असं जे जिकडेतिकडे सांगितलं जातं त्याचं मूळ १९६० साली एका प्लास्टिक सर्जननं लिहिलेल्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान इतके दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजून पाहिलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच: एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नव्हता. हे वाचून मला इतका दिलासा वाटला की मी तो परिच्छेद दोनदा वाचला, आणि लगेच स्वतःचीच शंका आली. आपल्या सोयीचं संशोधन माणसाला फार लवकर पटतं. नवी चांगली सवय लावणं वेगळं आणि निकोटीन वेगळं, हे काय मला कळत नव्हतं?

पण तिच्यापासून ते लपवलं, ते सोयीचं संशोधन सापडण्याच्या कितीतरी आधी. आणि लपवताना मला वाटत होतं की मी तिच्यासाठीच लपवतोय, तिला आधार हवा म्हणून. मोठा भाऊ ठाम उभा दिसला पाहिजे. रोज तीनदा घसरण्याच्या कडेवर बसून जेवणाऱ्या मुलीसमोर मी एक न घसरलेला माणूस उभा केला होता. तिला 'तब्येत सुधारली' म्हणालो तेव्हा बोलणारा तोच होता, काठावरून.

मागच्या गुरुवारी दुपारी मी तिला मेसेज लिहिला. तीनदा खोडला. पहिल्यात फार स्पष्टीकरणं होती, दुसऱ्यात लॅलीबाईंचा अभ्यासच घातला होता, तिसऱ्यात सल्ला होता. शेवटी एवढंच राहिलं: "चारशे बारा खोटं होतं. दोनशे अकराव्या दिवशी एक ओढली होती. तुला सांगितलं नाही." पाठवलं आणि फोन टेबलावर ठेवून पंख्याकडे बघत बसलो. घड्याळात दीड वाजला होता. थोड्या वेळानं दोन्ही खुणा निळ्या झाल्या. ती लिहीत असल्याचं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं येणार.

"जेवतेय," असं आलं. "नंतर बोलू."